माधव मिश्रा पाहून झाला असेल तर हेही वाचा

'क्रिमिनल जस्टिस'चा २०२५ चा सीझन, 'अ फॅमिली मॅटर', बऱ्याच जणांनी पाहिलाय. डॉक्टरवर खुनाचा आरोप, सगळं घर कोर्टात. पंकज त्रिपाठी भारीच, वाद नाही. पण मंडळी, खटला इतक्या झटपट?

अहो, सेशन कोर्टात साक्षीदार नाही आला, तारीख. साहेब रजेवर, तारीख. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही! नव्या बीएनएसएसचं कलम ४७९ पहिल्यांदाच अडकलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडा म्हणतं. पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला ते लागूच नाही. खुनाचा आरोपी आतच, आणि त्याची म्हातारी मजुरी बुडवून एसटीने दर तारखेला. ती एसटी मालिकेत कुठाय? मेलेल्याचे नातेवाईकही त्याच बाकड्यावर ताटकळतात, त्यांचं कोण बोलणार? पेपरात अटक पहिल्या पानावर, निर्दोष सुटका आत चार ओळींत.

निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना एवढंच विचारा, साहेब, आपल्या कोर्टात न्यायाधीशांच्या किती जागा रिकाम्या आहेत? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका.