विश्लेषण : जोडलं की चाललं, पण कोणाला विचारून? यूएसबी ड्रायव्हरचं न दिसणारं जग

नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी माझ्या मामाचं ई-सेवा केंद्र आहे. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर मंडळी सकाळपासून बाकावर बसून होती आणि अंगठा घेणारं यंत्र बंद पडलं होतं. आदल्या रात्री कॉम्प्युटर अपडेट झाला आणि सकाळी यंत्राचा दिवाच लागेना. मामाचा फोन आला, "तू इंजिनिअर ना? बघ जरा." मी त्याची स्क्रीन बघेपर्यंत त्यानं कुठल्याशा वेबसाइटवरून 'ड्रायव्हर' उतरवूनही घेतला होता. तिथली पहिलीच सूचना होती : अँटिव्हायरस बंद करा. त्यानं तो केला. यंत्र सुरू झालं, रांग पुढे सरकली, मामा खूश.

मी मात्र खूश नव्हतो. अंगठ्यांचे ठसे आणि आधार क्रमांक ज्या कॉम्प्युटरवरून जातात, त्याची सगळ्यात मोठी किल्ली मामानं एका अनोळखी फाइलच्या हाती दिली होती. त्याचा दोष तरी काय म्हणायचा? समोर वीस माणसं खोळंबली असताना कोण कागदपत्रं वाचत बसतं?

हा प्रश्न फक्त मामाच्या केंद्राचा नाही. तुमच्या हातातल्या फोनमध्येही तो आहे.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांचा ताबा त्याच्याकडे असतो. बाहेरून जोडलेल्या उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. बरेच ड्रायव्हर कर्नलच्या आतच चालतात. त्यामुळे साधं ॲप बिघडलं तर ते एकटं बंद पडतं, पण कर्नलमधला ड्रायव्हर बिघडला तर अख्खं यंत्र आडवं होऊ शकतं.

१९ जुलै २०२४ आठवतो का? भारतातल्या काही विमानतळांवरही त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले होते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल विंडोजच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या तिच्या ड्रायव्हरनं वाचली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोलमडले. त्यात यूएसबीचा संबंध नव्हता. पण कर्नलमधल्या एका चुकीची किंमत किती असते, हे त्या दिवशी जगाला कळलं.

यूएसबी जोडल्यावर आत काय घडतं?

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आघाडीवर होते. त्याआधी प्रिंटरला एक पोर्ट, माउसला दुसरा आणि कीबोर्डला तिसरा असायचा. यूएसबीनं वचन दिलं : जोडा आणि वापरा.

उपकरण जोडलं की कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो आणि विचारतो, तू कोण? उपकरण आपला कंपनी क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि आपण कोणत्या वर्गातले, हे सांगतं. कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, साउंड कार्ड असे वर्ग ठरलेले आहेत. एका वर्गासाठी सहसा एकच ड्रायव्हर पुरतो, म्हणूनच कोणत्याही कंपनीचा पेन ड्राइव्ह कुठेही चालतो. पण जे उपकरण कोणत्याच वर्गात बसत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहावा लागतो.

'मिसलेनियस' यादीत काय काय आहे?

लिनक्स कर्नलमध्ये अशा सटरफटर उपकरणांसाठी एक वेगळा कप्पाच आहे. त्याचं नाव 'यूएसबी मिसलेनियस ड्रायव्हर्स'. आपल्या घरातल्या माळ्यासारखा तो आहे. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सगळं तिथं सापडतं.

लेगो कंपनीच्या खेळण्यातल्या रोबोला आज्ञा देणारा इन्फ्रारेड टॉवर. सीमेन्सचा बोटाचा ठसा ओळखणारा माउस. प्लेस्टेशन २ च्या एका जपानी खेळासोबत आलेलं थरथरणारं यंत्र. बसल्याबसल्या पाय किती हलतो हे मोजणारं 'युरेक्स' नावाचं जपानी उपकरण. ॲपलच्या जुन्या सिनेमा डिस्प्लेचा प्रकाश कमी-जास्त करणारा ड्रायव्हर. आणि यांच्या शेजारीच भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागणाऱ्या एलडी डिडॅक्टिक या जर्मन कंपनीच्या मोजमाप साधनांचा ड्रायव्हर.

यादी वाचताना हसू येतं. पण एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच जुनं साधन पंधरा वर्षं चालत असेल, तर ते या कप्प्याच्या जिवावर. कंपनीनं हात वर केले तरी ड्रायव्हर कर्नलमध्ये राहतो आणि जगभरातले लोक त्याची डागडुजी करत राहतात. लिनक्सची ही श्रीमंती आहे आणि ती मला मान्य आहे.

हो, नाही की 'लागेल तेव्हा'?

कर्नल तयार करताना प्रत्येक ड्रायव्हरसमोर सहसा तीन पर्याय असतात. 'वाय' म्हणजे हो, तो कर्नलमध्येच कायमचा बसवा. 'एन' म्हणजे नको. 'एम' म्हणजे मॉड्यूल : तो डिस्कवर वेगळा ठेवा, उपकरण आलं की आत घ्या. अनेक पर्यायांच्या मदत-मजकुरात शेवटी 'खात्री नसेल तर नाही म्हणा' अशा अर्थाची ओळही असते.

कॉलेजात शेवटच्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतः कर्नल बांधला, तेव्हा भीतीपोटी दिसेल तिथं 'हो' म्हणत गेलो. लॅपटॉप रात्रभर तापला आणि सकाळी जे तयार झालं, त्यातलं निम्मंही मला कधी लागणार नव्हतं. उबुंटू, डेबियन, फेडोरासारख्या प्रणाली तयार करणाऱ्यांना हे भीतीपोटी नाही, तर नाइलाजानं करावं लागतं. कोणाकडे काय जोडलं जाईल हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून बहुतेक ड्रायव्हर 'एम' करून दिले जातात.

मग यात धोका कुठे?

'एम' ऐकायला सुरक्षित वाटतं. उपकरणच नाही, तर ड्रायव्हर आत येणार कसा? इथंच गोम आहे. उपकरण कोण, हे उपकरणच सांगतं. त्याचं ओळखपत्र तपासणारं कोणी नसतं. पेन ड्राइव्हच्या आकाराचं एखादं स्वस्त बोर्ड 'मी लेगोचा टॉवर आहे' म्हणालं, तर कर्नल बिनदिक्कत तो ड्रायव्हर आत घेतो. मग त्या ड्रायव्हरमधली जुनी चूक हेरून घुसखोरी करता येऊ शकते. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं. त्यात पेन ड्राइव्हच कीबोर्ड असल्याची बतावणी करून आज्ञा टाइप करत होता.

गुगलचं 'सिझकॉलर' हे साधन कर्नलला खोट्या उपकरणांचा मारा करून चुका शोधतं. २०१९ च्या सुमारास त्यानं यूएसबी ड्रायव्हरमधल्या अनेक चुका उघड केल्या. पाय हलणं मोजणाऱ्या युरेक्सचा ड्रायव्हर त्या यादीत होता आणि लेगो टॉवरचाही. म्हणजे जे उपकरण तुम्ही आयुष्यात पाहिलेलं नाही, त्याच्या नावानं तुमच्या कॉम्प्युटरचं दार उघडता येत होतं.

याचा फोनशी काय संबंध?

ॲण्ड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलचाच आहे. योग्य केबल लावली की फोनही कॉम्प्युटरसारखा यजमान होतो, म्हणूनच त्याला पेन ड्राइव्ह किंवा माउस जोडता येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं एक अहवाल दिला. सर्बियातल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा लॉक केलेला ॲण्ड्रॉइड फोन सेलेब्राइट कंपनीच्या साधनानं उघडण्यात आल्याचं त्यात म्हटलं होतं. पद्धत वरचीच : फोनला खोटी यूएसबी उपकरणं जोडायची आणि ड्रायव्हरमधल्या चुका वापरायच्या. एक चूक वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये होती. दुसरी साउंड कार्डच्या ड्रायव्हरमध्ये होती आणि तीही एक्स्टिजी नावाच्या, दोन दशकांपूर्वीच्या कार्डासाठी लिहिलेल्या भागात. तिसरी कीबोर्ड-माउसच्या वर्गात. गुगलनं फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटमध्ये या तिन्ही चुका दुरुस्त केल्या.

हे ड्रायव्हर 'मिसलेनियस' कप्प्यातले नव्हते. पण दुखणं तेच. त्या विद्यार्थ्याकडे एक्स्टिजी साउंड कार्ड होतं का? ते त्याला लागणार होतं का? तरी त्याच्या खिशातल्या फोनमध्ये त्या कार्डासाठीचा कोड होता आणि फोन लॉक असतानाही तो जागा होता.

जुने ड्रायव्हर काढूनच टाकले तर?

तेही कधीकधी होतं. रिओ ५०० या १९९९ मधल्या एमपी३ प्लेअरचा ड्रायव्हर २०१९ मध्ये लिनक्समधून काढला गेला. तो धड चालत नव्हता आणि तेच काम कर्नलच्या बाहेरचा प्रोग्रॅम करू शकत होता. हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अनेक किरकोळ उपकरणांना कर्नलमध्ये ड्रायव्हर लागतच नाही. 'लिबयूएसबी'सारख्या साधनानं साधा प्रोग्रॅमही त्यांच्याशी बोलू शकतो. चुकला तर तो एकटा पडेल, यंत्र उभं राहील.

पण सरसकट झाडू मारणं मला पटत नाही. त्यात पहिला बळी कॉलेजच्या प्रयोगशाळेचा आणि जुन्या यंत्रावर पोट असलेल्या कारागिराचा जाईल. कोड कर्नलच्या भांडारात राहू द्या. वाद आहे तो, तो कोड प्रत्येकाच्या यंत्रात न विचारता जागा असावा का, याचा.

मग काय व्हायला हवं?

माझं मत सरळ आहे. 'जोडा आणि वापरा' हे १९९६ साठी ठीक होतं. आज ते 'जोडा, विचारा आणि वापरा' असायला हवं.

पहिलं, फोन लॉक असताना नवं यूएसबी उपकरण आत घेऊच नये. आयफोनमध्ये २०१८ पासून, तासभर लॉक राहिलेला फोन यूएसबी उपकरणांशी बोलणं थांबवतो. त्यालाही बगल देणारी एक चूक २०२५ मध्ये दुरुस्त करावी लागली, पण निदान कुंपण आहे. गुगलनं २०२५ मध्ये ॲण्ड्रॉइड १६ साठी 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' जाहीर केलं. लॉक फोनची नवी यूएसबी जोडणी चार्जिंगपुरती ठेवण्याचा विचार त्यात आहे. मात्र ते आपणहून सुरू करावं लागतं. ज्याला धोका माहीत आहे, तोच सेटिंग शोधतो. म्हणून हे संरक्षण सगळ्यांसाठी, मुळातच सुरू हवं.

दुसरं, लॅपटॉपवरही विचारणा हवी. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅक लॅपटॉपमध्ये २०२२ पासून नव्या उपकरणासाठी परवानगी मागितली जाते. लिनक्समध्येही, परवानगी मिळेपर्यंत ड्रायव्हर न जोडण्याची सोय आहे. 'यूएसबीगार्ड' हे साधन तीच वापरतं, पण ते सहसा आपल्याला बसवावं लागतं. यात अडचणी आहेत, हे मान्य. कीबोर्डच नवा असेल तर 'हो' कशानं म्हणणार? आणि रोज दहा वेळा विचारलं तर लोक न वाचता 'हो' दाबतील. म्हणून ओळखीच्या उपकरणाला एकदाच विचारावं आणि कधीच न पाहिलेल्या वर्गाला ठळकपणे अडवावं.

तिसरं, सरकारी कामासाठी यूएसबी यंत्रं घेतली जातात, तेव्हा निविदेत फक्त किंमत बघू नये. ड्रायव्हर किती वर्षं अपडेट होणार, तो कुठून मिळणार आणि कंपनी बंद पडली तर काय, हे लिहून घ्यावं. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांवर लोकांची पेन्शन आणि ग्रामपंचायतीची बिलं अवलंबून आहेत. ड्रायव्हर शोधायची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्या माणसावर ढकलली, तर तो जी लिंक आधी दिसेल ती दाबणारच.

तुम्ही काय करू शकता?

फोनचं सुरक्षा अपडेट आलं की लांबवू नका. वर सांगितलेल्या तिन्ही चुकांवरचा उपाय तोच होता. काही ॲण्ड्रॉइड फोनमध्ये 'ओटीजी'चा वेगळा स्विच असतो. पेन ड्राइव्ह लावायचा नसेल तेव्हा तो बंद ठेवा. फोन दुरुस्तीला किंवा दुसऱ्याच्या हाती देताना लॉकवर भरवसा न ठेवता पूर्ण बंद करून द्या. सापडलेला पेन ड्राइव्ह कुतूहलापोटी लावू नका. कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर हवा असेल तर तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून किंवा सिस्टीमच्या अपडेटमधूनच घ्या. आणि ज्या ड्रायव्हरची पहिली अट 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असेल, तो घेऊच नका.

पुढच्या रविवारी मी मामाकडे गेलो. कॉम्प्युटर पुसून सिस्टीम नव्यानं टाकली, कंपनीच्या साइटवर अर्धा तास शोधून मूळ ड्रायव्हर काढला आणि तो एका पेन ड्राइव्हवर ठेवून दिला. मामानं तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला आणि विचारलं, "पुढच्या अपडेटनंतर हाच चालेल ना?" खरं उत्तर होतं, माहीत नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी यंत्र विकणाऱ्याची आहे, आणि ती आपण त्याच्याकडून लिहून घेतलेली नाही.