कर्ज देणाऱ्यांची 'विश्वासू यादी': आधी बघा मत कुणी दिलं



पेरणी तोंडावर आली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "कर्ज कुणाकडून घ्यावं? विश्वासाची नावं सांगा." मग मतदान होतं, 1 नंबर, 2 नंबर अशी यादी बनते आणि चार दिवसांत दहा गावांत फिरते. हेतू चांगलाच आहे. पण माझं स्पष्ट मत असं, की या यादीतून कर्ज देणारा कळत नाही, मत देणाऱ्याचा सातबारा कळतो.

समजा ग्रुपात 200 जण आहेत आणि मत दिलं 40 जणांनी. हे 40 कोण? बहुतेक ज्यांचं काम झालं ते. खंडानं शेती करणाऱ्याच्या नावावर उतारा नसतो. सामाईक खात्यात भावकी संमती देत नाही. बाई शेत कसते, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. ही माणसं बँकेच्या दारातूनच परत येतात, मग मत कशावर देणार? म्हणून दहा एकर बागायतदाराची 1 नंबरची बँक दोन एकर कोरडवाहूवाल्यासाठी शेवटची असू शकते. त्यानं यादीवर भरवसा ठेवून तिथं पंधरा दिवस हेलपाटे घातले, तर पेरणीची वेळ जाते आणि तो शेवटी सावकाराच्या ओट्यावर बसतो.

सावकाराचं तर आणखी वेगळं. अडल्या वेळी रात्री पैसे देतो म्हणून त्याला मतं पडतात. तो किंवा त्याची माणसं त्याच ग्रुपात असतात. ज्याचं शेत त्याच्याकडे अडकलंय तो उघड कसा लिहिणार? गप्प बसला म्हणजे समाधानी, असा हिशोब आपण धरतो.

महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानं परवाना बंधनकारक आहे. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के, एवढाच दर ठरलेला. म्हणजे विनातारण जास्तीत जास्त महिना शेकडा 1 रुपया. शेकडा 3 किंवा 5 घेणारा कितीही गोड बोलला तरी तो यादीत बसतच नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

आता व्याजाचं बघा. "फक्त 2 टक्के महिना" असं कुणी लिहितं. 50,000 घेतले, वर्षभर मूळ रकमेवरच 2 टक्के लावले तर व्याज 12,000. ऐकायला 24 टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज पूर्ण रकमेवर चालू राहतं, त्यामुळे खरा वार्षिक दर 41 टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जाला मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना करायची ती त्या आकड्याची.

यादी बंद करा असं मी म्हणत नाही. चांगली करा.

1. मत देताना जमीन किती, बागायत की कोरडवाहू, उतारा कुणाच्या नावावर, हे लिहा. नाव नको.
2. नकार मिळालेल्यांचं मतही मोजा. किती जण गेले आणि किती जणांना मिळालं, दोन्ही आकडे हवेत.
3. ज्याला तक्रार सांगायला भीती वाटते, त्याची ॲडमिननं खाजगीत घेऊन बिननावानं टाकावी.
4. कमिशन घेणाऱ्या एजंटानं तसं सांगावं. त्याचं मत धरू नका.
5. एकच 1 नंबर नको. कोरडवाहू, बागायत, खंडकरी, महिला, बचत गट यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप कोण करणार? अहो, बियाणं घेताना आपण विचारतोच ना, "तुझी जमीन कसली? पाणी किती?" काळ्या रानात आलेलं वाण मुरमाड रानात येईलच असं नाही, हे आपल्याला पोरासोरांपासून माहीत आहे. कर्जालाही तोच नियम लावा.

तुमच्या ग्रुपात यादी असेल, तर नकार मिळालेल्यांनी आज एक ओळ लिहा. कुठे अडलं तेवढंच. पुढच्याचा हेलपाटा वाचेल.