बोला, पण हिशेबाने!

मुलांनो, आपल्या शाळांत बैतबाजी होते, तकरीरीच्या स्पर्धा होतात, विज्ञान प्रदर्शन भरते. क्रिकेटचा संघ तर प्रत्येक वर्गाचा असतो. पण ज्या विषयावर घरात रोज बोलणे चालते, त्या विषयाचे मंडळ शाळेत नसते. तो विषय म्हणजे पैसा. सुताचा भाव वाढला, मजुरी पुरत नाही, कांदा महागला, हप्ता थकला, हे तुम्ही रोज ऐकता आणि गप्प बसता. मला वाटते, तुम्ही गप्प बसू नये. प्रत्येक शाळेत अर्थशास्त्र व वादविवाद मंडळ असावे आणि ते विद्यार्थ्यांनीच सुरू करावे.

कोणी म्हणेल, "अर्थशास्त्र हा कॉलेजातल्या मुलांचा विषय आहे." ते खरे नाही. आपल्याजवळ पैसा आणि वेळ थोडा असतो, गरजा मात्र पुष्कळ असतात. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. ही निवड विचारपूर्वक कशी करावी, हे अर्थशास्त्र शिकवते. ईदचे नवे कपडे घ्यावेत की गळके छप्पर दुरुस्त करावे, हे ठरवणारी तुमची अम्मी अर्थशास्त्राचाच प्रश्न सोडवत असते.

आता एक मोठा प्रश्न पाहा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत हजारो घरे यंत्रमागावर जगतात. तिथे अनेक घरांत प्रश्न येतो : दहावीनंतर मुलाने शिकावे की मागावर कामाला जावे? मागावरची मजुरी आठवड्याला हातात पडते, ती दिसते. शिक्षणाचा फायदा काही वर्षांनी मिळतो, तो आज दिसत नाही. शिवाय वीज गेली की माग थांबतो आणि मागाबरोबर मजुरीही थांबते. दुसरीकडे, वडील आजारी असतील तर आजची चूलही पेटली पाहिजे. दोन्ही बाजूंना वजन आहे. बहुतेक घरांत हा निर्णय एका रात्रीत होतो आणि ज्याचे आयुष्य बदलते, त्या मुलाला कोणी विचारत नाही. मुलींना तर त्याहून कमी विचारतात. ज्या मुलाने किंवा मुलीने असा प्रश्न शाळेत आकड्यांसह मांडला असेल, ती व्यक्ती घरातही अदबीने आणि ठामपणे बोलू शकेल.

आता कांद्याचे पाहा. भाव चढला की शहरातला ग्राहक रडतो, भाव पडला की लासलगावच्या बाजारात शेतकरी रडतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. ही बंदी योग्य होती का? ग्राहकाच्या बाजूने एकाने बोलावे, शेतकऱ्याच्या बाजूने दुसऱ्याने. मग लक्षात येईल की एकाच भावाकडे दोन प्रामाणिक माणसे दोन तऱ्हेने पाहू शकतात.

विद्यार्थ्यांची अशी मंडळे आपल्याकडे नवी नाहीत. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व शिक्षकांनी एक मंडळ स्थापन केले. तिथे निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होत असे. या मंडळाच्या मराठी आणि गुजराती शाखाही होत्या. दुसऱ्याच वर्षी या तरुणांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. त्यांत दादाभाई नौरोजी होते. पुढे याच दादाभाईंनी हिशेब मांडून दाखवले की हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये आहे. इंग्रज सरकारला हा एक आकडा फार अवघड गेला. नुसत्या तक्रारीकडे कानाडोळा करता येतो, आकड्याला मात्र उत्तर द्यावे लागते.

मंडळ सुरू करायला खर्च नाही. दहा-बारा मुलेमुली, एक शिक्षक, एक वही आणि आठवड्यातून एक तास पुरे. वहीत दर आठवड्याला पाच वस्तूंचे भाव लिहा : पीठ, तेल, कांदा, साखर आणि सूत. सहा महिन्यांत तुमच्याजवळ तुमच्या गावाची स्वतःची माहिती तयार होईल. वादविवादाचे नियमही सोपे ठेवा. कोणी कोणती बाजू मांडायची, हे चिठ्ठी टाकून ठरवा. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलावे, निदान एक आकडा द्यावा आणि तो कोठून मिळाला ते सांगावे. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे. पुढच्या वेळी बाजू बदलावी. तकरीर पाठ करून देता येते, पण वादविवाद पाठ करता येत नाही. त्यात आधी ऐकावे लागते.

काही पालक म्हणतील की यामुळे अभ्यास मागे पडेल. उलट, टक्केवारी, सरासरी आणि आलेख ही गणिते इथे जिवंत होतात. काही जण म्हणतील की यातून भांडणे होतील. भांडणे नियम नसल्यामुळे होतात. आणि तुम्ही म्हणाल, "सर, आमची मराठी कच्ची आहे." मग एक बैठक उर्दूत घ्या, दुसरी मराठीत. बाजार समितीत, बँकेत, तहसील कचेरीत मराठी बोलावी लागते. तिथे अडखळण्यापेक्षा मित्रांसमोर अडखळलेले बरे.

तेव्हा, मुलांनो, वाट पाहू नका. मुख्याध्यापकांना अर्ज लिहा, एक वही आणा आणि पहिला विषय फळ्यावर लिहा. तुमच्या घराचा हिशेब तुम्हाला समजला, तर गावाचा समजेल. गावाचा समजला, तर देशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार तुम्हाला वापरता येईल.