वयाची अट आणि स्वस्त मास्तर

कोणत्या वयात माणूस मुलांपुढे उभा राहण्यास अपात्र ठरतो, या प्रश्नाला महाराष्ट्र शासनाजवळ दोन उत्तरे आहेत. एप्रिल २०१६ च्या निर्णयाने शासकीय सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे ठरली. जुलै २०२३ मध्ये त्याच शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर, नियमित शिक्षक मिळेपर्यंत, निवृत्त शिक्षक नेमण्याची परवानगी दिली. मानधन दरमहा २० हजार आणि वयाची मर्यादा ७०! चव्वेचाळिशीचा डी.एड. उमेदवार थकलेला, एकोणसत्तरीचा पेन्शनर मात्र ताजातवाना, असा याचा अर्थ होतो.

ही केवळ कारकुनी विसंगती नव्हे. तिच्यामागचा हिशेब चोख आहे. निवृत्ताची चूल पेन्शनवर पेटते, म्हणून तो २० हजारांत येऊ शकतो. ज्याच्या मुलांची शिक्षणे अजून व्हायची आहेत, त्याला नियमित वेतनश्रेणी, भत्ते आणि वेतनवाढी द्याव्या लागतात. वयाची अट मुलांचे रक्षण करीत नाही. ती तिजोरीचे करते. तरुणाचीही गत फारशी वेगळी नाही. प्राथमिकचा शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर राबतो, आणि ते मानधन २०२३ साली वाढून वाढून १६ हजार झाले. श्रमाचा बाजार असा वयानुसार कापला की प्रत्येक तुकडा स्वस्तात मिळतो.

या हिशेबाची किंमत यवतमाळ जिल्ह्यात मोजली जाते. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. ती द्राविड कुळातली भाषा. शाळेचे पुस्तक मराठीत. त्या मुलाचा शब्द मास्तरांच्या कानाला ओळखीचा व्हायलाच काही वर्षे जातात. अशा ठिकाणी अनुभवी माणूस हवा, हे कोण नाकारील? पण तो टिकणारा हवा. नियमित नेमणूक होताच जायचे, असे ज्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले आहे तो नव्हे.

आणि उमेदवार वयस्क झाले कोणामुळे? मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती थांबविण्यात आली. पवित्र पोर्टलची अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. दरम्यान तिशीतली माणसे शिकवण्या घेत, विनाअनुदानित शाळांत फुकट राबत, नाहीतर कापसाच्या शेतात परतत पस्तिशीपार गेली. बंदी शासनाची, वर्षे मात्र उमेदवाराच्या खाती जमा!

देशात दार लागले की नजर आखाताकडे वळते. तेथील भारतीय शाळांत मराठी शिक्षकही शिकवतात. पण परदेशी शाळांच्या जाहिरातींतही कमाल वयाची ओळ पुष्कळदा असते, आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की परवाना संपतो. शिक्षक घडविण्याचा खर्च गावाने करायचा, उमेदीची वर्षे परक्या मालकाने वापरायची आणि म्हातारपण पुन्हा गावाने सांभाळायचे, असा हा व्यवहार आहे. (त्याला कोणी परकीय चलनाची कमाई म्हणतात, तीही खरीच.) अमेरिकेने १९६७ साली चाळिशी ओलांडलेल्यांना नोकरीत वयावरून डावलण्यास कायद्याने मनाई केली. आपल्या संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेद करण्यास बंदी आहे. त्या यादीत वय नाही. २०३० पर्यंत जगात ४ कोटी ४० लाख शिक्षक कमी पडतील, असा युनेस्कोचा अंदाज असताना वयाची ही कुंपणे टिकून आहेत.

निवृत्तांविरुद्ध बेकारांना उभे करून हा प्रश्न सुटणार नाही. तसे भांडण शासनाच्या सोयीचेच आहे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास निवृत्तीच्या वयापर्यंत केव्हाही सेवेत प्रवेश मिळावा. भरतीबंदीची वर्षे वयातून वजा व्हावीत. निवृत्तांना बोलवायचेच तर नव्या शिक्षकाच्या सोबतीला बोलवावे, त्याच्या जागी नव्हे, आणि त्या कामाचे पुरे वेतन द्यावे. पवित्र पोर्टलवर पुढची जाहिरात निघण्यापूर्वीच शिक्षक संघटनांनी या मागण्या यवतमाळच्या जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत न्याव्यात.