न दिसणे हा पुरावा नव्हे!

‘मला तिथे कोणी दिसले नाही,’ असे साक्षीदार न्यायालयात म्हणाला की उलटतपासणीत त्याला ठरलेले प्रश्न विचारले जातात. तुम्ही कुठे उभे होता? मध्ये भिंत होती काय? उजेड किती होता? कारण ‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. त्यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने निकाल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा फरक विसरल्याने नामवंत शास्त्रज्ञांचाही निष्कर्ष कसा चुकला, याचे उदाहरण खुद्द आकाशात आहे.

अंधाऱ्या रात्री गावाबाहेर गेले की आकाशात दुधाळ पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. तिचा आकार तबकडीसारखा. सूर्य त्या तबकडीच्या आत आणि आपण सूर्याभोवती. म्हणजे आपण घरात बसून घराच्या भिंतीकडे पाहत असतो. या तबकडीत अब्जावधी तारे आहेत आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ आहे. आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका विश्वात आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकापासून निरीक्षकांना एक गोष्ट खटकत होती. ज्यांना तेव्हा तेजोमेघ म्हणत ते सर्पिल पुंजके पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर दिसत, पट्ट्यात मात्र दिसत नसत. इंग्रजीत या भागाला ‘झोन ऑफ अव्हॉइडन्स’ असे नाव पडले. साध्या मराठीत सांगायचे तर टाळलेला पट्टा! साध्या प्रकाशात पाहिले तर आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा या पट्ट्याने झाकला जातो.

आता विद्वानांनी याचा अर्थ काय लावला ते पाहा. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपले आणि हेबर कर्टिस यांच्यात विश्वाच्या आकारावर वाद झाला. शॅपले यांच्या बाजूचा एक मुद्दा असा होता की, हे पुंजके आपल्या आकाशगंगेचा पट्टा टाळतात, त्या अर्थी त्यांचा आकाशगंगेशी संबंध असला पाहिजे; ती दूरची स्वतंत्र विश्वे नव्हेत. कर्टिस म्हणत होते की पट्ट्यात प्रकाश अडवणारे द्रव्य आहे, म्हणून पलीकडचे दिसत नाही. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासातून ताऱ्यांमधली धूळ प्रकाश शोषते हे सिद्ध केले. १९३४ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांची मोजदाद करून हा रिकामा पट्टा नकाशावर मांडला. दीर्घिकांनी कोणालाच टाळले नव्हते. आड आली होती ती आपल्याच घरातली धूळ!

वाचकहो, कारण कळले म्हणून पट्टा उघडला असे झाले नाही. दुर्बिणीचा आरसा कितीही मोठा केला तरी भिंतीपलीकडचे कसे दिसणार? त्यासाठी साधनच बदलावे लागले. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड नाझींच्या ताब्यात असताना, १९४४ मध्ये, व्हॅन दे हल्स्ट या तरुण शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की अवकाशातला थंड हायड्रोजन २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडत असला पाहिजे. १९५१ मध्ये हार्वर्डच्या यूएन आणि पर्सेल यांनी त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या. धुळीचा कण या लहरीपुढे इतका सूक्ष्म असतो की ती त्याला जुमानतच नाही. जिथे प्रकाश अडतो तिथून ती सरळ निघून येते.

इथे कोणी रास्त हरकत घेईल. आपल्या आकाशगंगेतही हायड्रोजन भरलेला आहे, मग घरचा आवाज कोणता आणि पलीकडचा कोणता, हे कसे ओळखायचे? ओळखायचे ते कंप्रतेवरून. स्थिर हायड्रोजनचा स्वर सुमारे १४२० मेगाहर्ट्झचा असतो. दूरची दीर्घिका विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्यापासून लांब जात असते, म्हणून तिचा स्वर उतरलेला ऐकू येतो. जशी लांब जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी उतरते. स्वर किती उतरला यावरून अंतराचाही अंदाज येतो. एकच लहर, पण ती दीर्घिकेचे अस्तित्वही सांगते आणि पत्ताही सांगते. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

१९९४ मध्ये हॉलंडमधील ड्विंगेलो येथील २५ मीटरच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीने या पट्ट्यामागे एक सर्पिल दीर्घिका शोधली. ती केवळ एक कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. विश्वाच्या हिशेबात ही शेजारीण, आणि तिची कोणाला खबर नव्हती! पुढे ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीवर एकाच वेळी तेरा ठिकाणी कान लावणारा ग्राहक बसवण्यात आला. त्या निरीक्षणांचा निकाल फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. दक्षिणेकडील पट्ट्यामागे ८८३ दीर्घिका मिळाल्या आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पूर्वी कोणीच पाहिलेल्या नव्हत्या.

एवढ्या दूरच्या दीर्घिका मोजून आपल्याला काय करायचे आहे, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे की आपली आकाशगंगा आणि तिचे शेजारी सेकंदाला सुमारे सहाशे किलोमीटर वेगाने एका दिशेने ओढले जात आहेत. १९८० च्या दशकात या ओढीचा माग काढत गेल्यावर शास्त्रज्ञ नेमके या झाकलेल्या पट्ट्यापाशी, वृश्चिकेच्या दक्षिणेला असलेल्या नॉर्मा तारकासमूहाच्या दिशेला पोहोचले. त्या ओढणाऱ्या वस्तुमानाला त्यांनी ‘ग्रेट अॅट्रॅक्टर’ म्हटले. म्हणजे आपली दिशा ठरवणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा आपल्याला दिसत नाही अशा जागी आहे! ज्याची नोंद नाही त्याचे वजन नाही, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नोंद नसली तरी वजन आपले काम करतच असते.

आज हे काम दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर ‘मीरकॅट’ ही ६४ तबकड्यांची दुर्बीण करते आहे. तोच २१ सेंटीमीटरचा स्वर आपल्या महाराष्ट्रातही ऐकला जातो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अतिदूरच्या एका दीर्घिकेच्या हायड्रोजनचा स्वर इथल्या निरीक्षणांत सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. वाटेत ताणून ती लहर ४८ सेंटीमीटरची झाली होती.

असा क्षीण स्वर ऐकायला शांतता लागते, आणि शांततेची किंमत कोणीतरी मोजतो. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावमार्गे आखणी जीएमआरटीला बाधक ठरेल म्हणून बदलावी लागेल, असे २०२५ मध्ये केंद्र सरकारने सांगितले. जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी त्याला विरोध केला. आमच्या मते ही दुर्बीण राखलीच पाहिजे. विजेच्या गाडीचा रेडिओ गोंगाट तिच्या कानाशी आणून चालणार नाही. पण म्हणून लोकांना अडाणी ठरवून मोकळे होता येणार नाही! माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे निर्णयाने बाधित होणाऱ्यांना कारणे सांगणे हे शासनाचे काम आहे. गाडी किती अंतरावरून गेली तर किती बाधा येते, दुसरा मार्ग कोणता तपासला, गावांना बदल्यात कोणती दळणवळणाची सोय मिळणार, हे मराठीत, ग्रामसभेत, कागदासह मांडले पाहिजे. ‘शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून’ हे कारण नव्हे. ते पोथीवाल्याचे उत्तर झाले.

संविधानाच्या कलम ५१क (ज) ने विज्ञाननिष्ठ दृष्टी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य पाठ करून पार पडत नाही. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदचे दरवाजे विद्यार्थ्यांसाठी उघडतात. आपल्या वस्त्यांतली, वसतिगृहांतली मुले तिथे नेली पाहिजेत. पत्रिकेतले नऊ ग्रह ज्यांच्या कानावर रोज आदळतात त्यांना धुळीपलीकडून येणारा तो एक खरा स्वरही कळू द्या. आणि परतीच्या वाटेवर त्यांना एवढेच सांगा : कोणी ‘तिथे काही नाही’ म्हणाला, तर आधी विचारा, तुम्ही कुठे उभे राहून पाहिले आणि कशाने पाहिले?