उष्णता स्वच्छ, पाण्याचे काय?

वज्रेश्वरीच्या कुंडात अंघोळ करून खरूज गेली, असे सांगणारे रुग्ण अजूनही ओपीडीत भेटतात. (खरूज तशीच असते!) हे पाणी तापते कुठे, हे कुतूहल जुनेच. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कोला येथे १२,२६२ मीटर खोल भोक पाडले. तळाशी सुमारे १८० अंश सेल्सियस तापमान लागले. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीला याच उष्णतेपासून वीज करायची आहे. धूर नाही, कोळसा नाही, स्वागतच. पण ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे खोदाई सुरू असताना भूगर्भातील द्रव पुगा नाल्यात वाहिला. अशा पाण्यात आर्सेनिक असू शकते. ते वर्षानुवर्षे पोटात गेले की तळहात-तळपाय खरखरीत होतात. पुढे कर्करोगाचा धोका. वापरलेले पाणी पुन्हा खोल सोडण्याचे तंत्र उपलब्ध आहे. ते कसे राबवणार आणि नाल्याचे पाणी कोण तपासणार, हे पुढची विहीर खोदण्याआधीच ठरायला हवे.