हद्द वाढली, पाणी केव्हा पोहोचणार?

शहराची हद्द वाढविणे म्हणजे केवळ नकाशावरची रेघ पुढे सरकविणे नव्हे. ज्या दिवशी एखादे गाव महापालिकेत सामील होते, त्या दिवशी त्याची ग्रामपंचायत मावळते, कर बसविणारा बदलतो आणि गाऱ्हाणे ऐकणारा दूर जातो. एवढा पालट ज्यांच्या संसारात व व्यापारात व्हावयाचा, त्यांच्या पदरात बदल्यात काय पडणार, हे आधी सांगणे सरकारचे कर्तव्य होय. पुण्याच्या हद्दवाढीचा इतिहास पाहता ते कर्तव्य नीट बजावले गेले, असे म्हणवत नाही.

1997 साली पुणे महापालिकेत 38 गावे घेण्यात आली. 2001 साली त्यांतील 15 गावे पूर्णपणे व 5 गावे अंशतः बाहेर काढण्यात आली. बाहेर काढलेल्यांपैकी कित्येक पुढे पुन्हा आत आली, कारण 2017 साली 11 आणि 2021 च्या जूनअखेर आणखी 23 गावे शहरास जोडली गेली. या शेवटच्या वाढीने पुण्याचे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरांच्या पुढे जाऊन मुंबई महापालिकेलाही मागे टाकते झाले. इतके होऊनही 2017 साली घेतलेली फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे 2024 साली वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. ज्या उरुळीने वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, तिला शहरात राहणे नकोसे व्हावे, यातच सर्व आले.

हद्दवाढच नको, असे आमचे म्हणणे नाही. शहराच्या कडेची गावे नावाने गावे उरली होती. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर बहुमजली इमारतींचे सांडपाणी वाहून नेता येत नाही, आणि ओढ्यात सोडलेली घाण गावाची वेस ओळखीत नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक उत्पन्न, शेतीखेरीज इतर व्यवसायांचे प्रमाण इत्यादी गोष्टी पाहून नागरी क्षेत्र ठरवावे असे सांगितले आहे. त्या कसोट्यांना ही गावे उतरत होती, याविषयी आमचा वाद नाही.

वाद आहे तो रीतीविषयी. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे सरकार महापालिकेचा विचार घेऊन अधिसूचनेने हद्द बदलू शकते. लोकांच्या हरकती मागविल्या जातात खऱ्या; पण गावचा कौल घेण्याचे बंधन नाही. नव्या हद्दीत कर टप्प्याटप्प्याने चढविण्याची सोय आहे, परंतु त्या पायऱ्या वर्षांच्या मोजलेल्या आहेत, नळांच्या नव्हेत. टँकरवर दिवस काढणाऱ्या घरालाही ठरलेल्या वर्षी चढत्या दराचे बिल येणारच! वखारवाला व्यापारी माल ताब्यात आल्यावाचून पूर्ण दाम मोजीत नाही. मग त्याच्याच वखारीवर सेवेआधी कर का बसावा?

याहून गंभीर गोष्ट प्रतिनिधित्वाची. 23 गावांच्या पंचायती 2021 साली गेल्या. 2022 च्या मार्चात महापालिकेतील लोकनियुक्त सभेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्यातच या गावांचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले गेले. रस्त्याविषयी विचारावयाचे होते एका कचेरीत, बांधकामाविषयी दुसऱ्या, आणि आपला म्हणावा असा सभासद दोन्हीकडे नव्हता! सरपंच गेला व नगरसेवक आला नव्हता, अशा स्थितीत नागरिकाने कोणाच्या दारी जावयाचे होते?

आमची मागणी साधी आहे. गाव घेण्यापूर्वी पाणी कोठून येणार, सांडपाण्याच्या नळ्या केव्हा पडणार, खर्च कोण सोसणार, याचा तारीखवार आराखडा सरकारने प्रसिद्ध करावा. कराची वाढ त्या सेवांशी बांधावी. नियोजन व सेवा एकाच हाती असाव्यात. आणि पंचायत मोडल्यापासून सहा महिन्यांत त्या भागातून सभासद निवडून यावा, अशी सक्ती कायद्यानेच करावी. एवढे करण्याची तयारी नसेल, तर सरकारने नवी गावे पोटात घेण्याची घाई करू नये. जे घेतले त्याचे देणे फेडल्यावाचून पुढचे घेऊ नये, हा पेढीचा नियम आहे. तो राज्यकारभारासही लागू आहे.